वळणावरची अकरा माणसं

टेकडीवरच्या शेवटच्या गावाची सकाळची बस बंद करायचा कागद वेळापत्रकवाल्या बाबूंनीच तयार केला होता. तिथून रोज जेमतेम दोन तिकिटं निघत. दुपारी साहेबांची सही व्हायची होती. पण बाबूंचा स्वतःच्या आकड्यांवर कधीच पुरता भरवसा नसे. एकदा जाऊन बघावं, म्हणून ते पहाटेच्या रिकाम्या बसने वर गेले.

परतीला गावच्या थांब्यावर दोघंच चढले. आकडा बरोबर होता. बाबूंना हायसं वाटतंय तोच उताराखालच्या वळणावर बस थांबली. तिथे ना खांब ना पाटी, पण अकरा माणसं उभी होती.

"इथे थांबा कुठाय?" बाबूंनी कंडक्टरबाईंना हळूच विचारलं.

"कागदावर नाही. पण गावच्या खालच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांचा वर थांब्यापर्यंत चढता चढता जीव मेटाकुटीला येतो, म्हणून ड्रायव्हरमामा इथे थांबतात. मशीनमध्ये वळणाचं नाव नाही, मग मी पुढच्या गावापासूनचं तिकीट देते."

म्हणजे ही अकरा माणसं बाबूंनी पुढच्या गावात मोजली होती.

"ऑफिसात कळवलं का नाही?"

"विचारलं कुणी?" ड्रायव्हरमामा आरशातून बघत म्हणाले. "सांगितलं असतं तर आधी मला नोटीस, मग इथे थांबू नका म्हणून हुकूम."

बाबूंशेजारी एक मावशी टेकल्या. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला जावं लागे.

"नवे दिसता," त्या म्हणाल्या. "रोज येत जा हो या बसनं. बंद करणार म्हणतात. बंद झाली तर माझं काही खरं नाही. एक डोकं वाढलं तर तेवढाच आधार. उपकार होतील तुमचे."

बाबूंना मान वर करवेना. "उपकार तर माझ्यावर झालेत, मावशी," ते कसेबसे म्हणाले. मावशींना काही उमगलं नाही, पण त्यांनी पिशवी सरकवून बाबूंना ऐसपैस जागा करून दिली.

डेपोतून बाबू तडक साहेबांकडे गेले. टेबलावरचा कागद त्यांनी परत मागितला, मोजणीतली चूक आपली म्हणून सांगितलं आणि वळणावर खांब उभारायचा नवा अर्ज पुढे ठेवला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे नियम मोडून रोज बस थांबवतो हा ड्रायव्हर. नोटीस काढावी लागेल."

साहेबांना बाबूंनी आजवर कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

"काढाच, साहेब," ते म्हणाले. "पण आभाराची काढा. मजकूर मी लिहितो."

साहेबांनी एक कोरा कागद त्यांच्याकडे सरकवला आणि खांबाच्या अर्जावर सही केली.