उशाशी मोबाइल, पलंगाखाली मी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. नालासोपाऱ्याजवळच्या गास गावात, कमळीच्या पलंगाखाली माझा मुक्काम असतो. इथून मला माणसांचे फक्त पाय दिसतात. चेहरा दिसायचा तर कोणीतरी मला बाहेर ओढून झाकण उघडायला हवे, आणि हल्ली ते फारसे कोणी करत नाही. म्हणून माझी कहाणी थोडी पायांची आहे, आणि बरीचशी मत्सराची.

माझा जन्म आगाशीच्या बाजारातला. काशीराम नावाच्या पत्रेवाल्याने मला कापले, ठोकले, माझ्या कडा दुमडल्या आणि जाड बिजागऱ्या बसवल्या. कमळीच्या वडिलांनी त्याला सांगितले, "झाकणावर पोरीचं नाव लिवा." काशीरामला अक्षरे जमत नव्हती. त्याने हिरवा रंग देऊन वर एक कमळ काढले आणि म्हणाला, "हेच नाव." लग्नानंतर कमळी टेम्पोत बसून गासला आली, तेव्हा सगळी वाट तिचा हात माझ्या कडीवर होता.

तिचा नवरा जयराम भात लावायचा आणि उरलेल्या जागेत भाजी पिकवायचा. कमळी ती भाजी नालासोपाऱ्याच्या बाजारात विकायची. तिच्या शेजारी भुईगावची मर्सी बसायची. दोघींच्या टोपल्या एकीपाशी ठेवून दुसरीने जेवून यायचे, इतका त्यांचा घरोबा होता. दुपार उतरली की कमळी घरी येऊन पदराची गाठ सोडायची आणि नोटा माझ्यात ठेवायची. त्या नोटांना कोथिंबिरीचा वास असायचा. तिच्या सासूने आपली बोरमाळसुद्धा माझ्याच पोटात ठेवली होती. "कमळीच्या पेटीची कडी घट्ट हाय," असे सासूबाई शेजारणींना सांगत. बियाणे आणायचे असो, कौले बदलायची असोत की मुलाची फी भरायची असो, माझे झाकण उघडल्याशिवाय त्या घरात काहीच ठरत नसे. पुढे बँकेचे पुस्तक आले. त्याचा मला कधी राग आला नाही, कारण ते माझ्याच पोटात झोपायचे.

मग जयराम वारला. कमळीचा मुलगा कल्पेश तोवर लग्न करून विरारला फ्लॅटमध्ये राहायला गेला होता. त्याच सुमारास शेताचा एक तुकडा रस्त्यात गेला आणि त्याचे पैसे आले. आले असे सगळे म्हणाले. मी वाट पाहत राहिले, पण माझ्यात काहीच आले नाही. ते पैसे थेट खात्यात गेले होते.

कल्पेशची बायको तेजस्वी मुंबईत एका कचेरीत हिशेबाचे काम करते. एका रविवारी ती पलंगावर बसून कमळीला समजावत होती.

"आई, हे पैसे आपण ट्रेझरी बिलात ठेवू."

"बिल भरायचं असतं," कमळी म्हणाली. "बिलातनं मिलतं कुठं?"

तेजस्वी हसली. "हे वेगळं बिल. सरकार आपल्याकडून पैसे घेतं. शंभराचं बिल आज आपल्याला थोडं कमी पैशांत मिळतं. वर्षानं सरकार पूर्ण शंभर देतं. मधला फरक आपला. सरकारच देणार, म्हणून बुडायची भीती नाही."

"मंग ठेव. कागद पेटीत ठेवते."

"कागद नसतो, आई. सगळं मोबाइलवर."

त्या दिवशी कमळीच्या हाती तो चपटा, काळा मोबाइल आला. ती त्याला उशाशी घेऊन झोपू लागली. सकाळी उठली की पदराने त्याचे तोंड पुसायची. तो वाजला की हातातले काम टाकून धावायची. मला शेवटचे कधी पुसले होते, ते मलाही आठवत नव्हते. माझ्यावर धूळ बसत होती आणि माझ्या डोक्यावर, एका गादीच्या अंतरावर, तो रात्रंदिवस चार्ज होत होता. मी जळत होते. दुसरा शब्द मला माहीत नाही.

वर्ष संपले की मधला फरक खात्यात यायचा. मूळ पैसे पुन्हा नव्या बिलात जायचे. त्या फरकावर आणि परसातल्या भाजीवर कमळीचे चालायचे. तिला एकच हवे होते. स्वतःच्या घरात राहायचे आणि औषधाच्या गोळीसाठीसुद्धा कोणाला मागायचे नाही.

गेल्या वर्षी एका रविवारी तेजस्वी आणि कल्पेश आले. तेजस्वीचे पाय दारातच घुटमळले. मग ती म्हणाली, "आई, बिलाची मुदत संपली. पण नवीन घ्यायचं तर दर उतरलाय. या वेळी फरक कमी मिळेल."

मला बरे वाटले. मोबाइलची फजिती झाली, असे माझ्या मनात आले.

"मंग बँकेत ठेव," कमळी म्हणाली.

"बँकाही दर कमी करतायत."

कमळीच्या पायाची बोटे एकमेकांवर घासू लागली. ती काळजीत असली की असेच करते. कल्पेश म्हणाला, "म्हणून म्हणतो आई, विरारला चल. हे घर भाड्यानं देऊ. जुनं सामान, ही पेटीबिटी, भंगारवाल्याला देऊन टाकू."

माझा आनंद तिथेच विरला. मोबाइल हरला तर मीही भंगारात जाणार, हे मला तोवर सुचलेच नव्हते.

"मी इथनं हलनार नाय," कमळी म्हणाली. पण तिच्या आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

त्याच आठवड्यात मर्सी आली. तिच्या टाचांना वर्षानुवर्षे भेगा होत्या, बाजारातल्या ओल्या फरशीने पडलेल्या. आता त्या भरून आल्या होत्या आणि पायांना मलमाचा मंद वास होता. तिने सांगितले की ती आणि तिचा नवरा ऑगस्टीन वेलंकनीच्या मातेच्या दर्शनाला विमानाने जाणार आहेत.

"विमानानं?" कमळीने विचारले.

"नवीन पतपेढी निघालीय. आम्ही चिंचेखालची जागा विकली ना, ते पैसे तिच्यात टाकले. महिन्याला शंभरामागं दोन रुपये देतात. त्यांचा पोरगा घरी आणून देतो, सही घेतो नि जातो. तू कशाला त्या सरकारच्या मागं लागलीस, कमळी? तुझी सून शिकलेली आहे, पन तुला मिलतं काय?"

मर्सी गेल्यावर कमळी किती तरी वेळ पलंगाच्या कडेला बसून होती. मी तिला ओळखते. मर्सीचे विमान तिला सलत होते. दोघींनी एकाच फरशीवर बसून भाजी विकली, मग एकीने विमानात बसावे आणि दुसरीने घर सोडायची तयारी करावी, हे तिला सोसवत नव्हते. वर ती मर्सीवर जळत होती, खाली मी मोबाइलवर.

दुसऱ्या दिवशी तिने मला बाहेर ओढले. मित्रांनो, किती काळाने मी तिचा चेहरा पाहिला. केस पार पांढरे झाले होते. माझी कडी गंजून अडकली होती. तिने पाट्याचा वरवंटा आणून ती ठोकली. आत तिच्या लग्नाच्या शालूवर माझ्या गंजाचे तांबडे डाग पडले होते. तिने ते पाहिले आणि शालू बाजूला सारला. तिला आधार कार्ड आणि फोटो हवे होते. ते घेऊन ती मर्सीबरोबर पतपेढीत जाणार, हे मला ठाऊक होते. तरी मी खूश होते, कारण त्या दिवशी तिला मी लागले होते.

पण पैसे बिलांतून खात्यात येऊन पडले होते आणि ते वळते करायला तेजस्वी लागणार होती. कमळीने तिला फोन लावला. मोबाइलमधून तेजस्वीचा आवाज खोलीभर आला.

"पैसे तुमचे आहेत, आई. मी नाही म्हणणार नाही. फक्त एक सांगा. सरकारचे दर उतरले, बँकांचे उतरले. यांचेच कसे नाही उतरले? हे पैसे घेऊन लावतात कशात?"

"मला काय म्हाईत?"

"मग मर्सीमावशींना विचारा. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतपेढीला तो नाही. मावशींनी नीट उत्तर दिलं, तर मी स्वतः पैसे पाठवते."

मर्सी तिला न्यायला आली, तेव्हा कमळीने दारातच विचारले, "ते आपले पैसे लावतात कशात, मर्सी?"

"ते आपन कशाला विचारायचं? दर महिन्याला येतात ना?"

"येतात, पन येतात कुठनं? समद्यांचे दर उतरले."

मर्सीचे पाय जागीच थांबले. "सुनेनं शिकवलं वाटतं."

"सुनेनं नाय. मी विचारते."

"तू विचारत नाहीस. तुला माझं बघवत नाही. मी विमानात बसनार हे सांगितलं, तेव्हाच तुझं तोंड उतरलं."

मर्सी चपला घालून गेली. आधार कार्ड आणि फोटो पलंगावरच पडून राहिले.

कमळीला त्या दिवसापासून जेवण जाईना. पुढच्या रविवारी तिने तेजस्वीला विचारले, "तेजू, मी जलून तर नाय ना बोलले?"

तेजस्वी तिच्याशेजारी बसली. "थोडं जळला असाल, आई. पण प्रश्न चुकीचा नव्हता."

"नि आपलं काय? पुढच्या वर्षी बिलाला किती मिलंल?"

"ते कोणालाच सांगता येत नाही. वाढेल, आणखी उतरेलही. खरं तर हे मीच आधी बघायला हवं होतं. बिलं चांगलीच आहेत, पण ती वर्षभराच्या पैशासाठी. तुम्हाला तर पुढची कितीतरी वर्षं घर चालवायचंय. पोस्टात ज्येष्ठ नागरिकांची योजना आहे. आज जो दर लागेल, तो पाच वर्षं तोच राहतो. तीन महिन्यांनी व्याज येतं. मध्येच मोडली तर थोडं कापतात."

"म्हनजे जे पैसे मोडायचे नाय, ते पोस्टात."

"हो. आणि दवाखान्यासाठी थोडे बँकेत, हाताशी. थोडे बिलात राहू देऊ."

"मर्सीसारखं विमान नाय व्हायचं त्याच्यात."

"नाही व्हायचं," तेजस्वी म्हणाली.

कमळीने मान हलवली असावी, कारण पुढच्या आठवड्यात दोघी पोस्टात जाऊन आल्या. विरारचे नाव मग निघाले नाही. पोस्टाने तिला पासबुक दिले. खरेखुरे कागदाचे. ते घेऊन कमळी खाली वाकली आणि मी श्वास रोखून थांबले. तेवढ्यात तेजस्वी म्हणाली, "पेटीत नको, आई. आत गंज आहे, खराब होईल." पासबुक भिंतीतल्या फडताळात गेले. त्या दिवसापासून मी फडताळावरही जळू लागले.

पावसाळा गेला. भात कापून झाले. मर्सी फिरकली नाही. बाजारातल्या बायका सांगत की त्या पतपेढीपुढे माणसे उभी असतात आणि आतले लोक उद्या या म्हणतात. कमळी ऐकून घ्यायची. तिला आनंद होत नव्हता. मी तिचे पाय पाहत होते, बोटे पुन्हा एकमेकांवर घासत होती.

मग एका सकाळी दारात ओळखीची पावले आली. मर्सी होती. ती आत येऊन जमिनीवरच बसली, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसला. वाळला होता.

"तुझ्याकडनं गेले त्याच दिवशी मी पतपेढीत गेले," ती म्हणाली. "तुला खोटं पाडायला. म्हटलं, सांगा, पैसे कशात लावता? त्यांनी चहा पाजला. उत्तर दिलं नाही. मग मला भीती वाटली. ऑगस्टीन रोज तिथं जाऊन बसला. बरेचसे सुटले. थोडे गेले. ज्यांनी विचारलंच नाही, त्यांचे सगळे अडकले. आता कुलूप आहे."

कमळीने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"तू जलून विचारलंस," मर्सी म्हणाली. "पन विचारलंस."

"जलले होते," कमळी म्हणाली. "अजून थोडी जलते. विमानात खिडकीशी बसलीस काय?"

"बसले. ढगच दिसले."

दोघी हसल्या. हसता हसता मर्सीची नजर पलंगाखाली गेली. "ही अजून आहे? किती गंजलीय गं." मग दोघी म्हाताऱ्यांनी मिळून मला अंगणात ओढले. एकीने विटेच्या तुकड्याने गंज खरवडला, दुसरीने कडीत खोबरेल सोडले. दुसऱ्या दिवशी मर्सीने घराच्या खिडक्यांना लावून उरलेला निळा रंग आणला. दिवसभर त्या बाजारातल्या जुन्या गोष्टी बोलत मला रंगवत होत्या. डाग पडलेला शालू धुऊन वाळत घातला होता. डाग पूर्ण गेले नाहीत, पण तो पुन्हा माझ्यातच आला.

मित्रांनो, माझा मत्सर काही गेलेला नाही, आणि तो जाईल असे मला वाटत नाही. पण एवढे मागते. शेजाऱ्याचे चांगले झालेले पाहून मन जळले, तर घाईने त्याच्या मागे धावू नका. आधी मनात आलेला प्रश्न तोंडाने विचारा, मैत्रीण रागावली तरी विचारा. आणि जे जपायचे आहे ते एकदा ठेवून विसरून जाऊ नका. पैसे असोत, मैत्री असो, माझ्यासारखी पत्र्याची पेटी असो, अधूनमधून बाहेर काढा, उघडा आणि आत गंज कुठे धरला आहे ते पाहा. वेळेवर पाहिले तर तो विटेच्या तुकड्यानेही निघतो.