चौकीतली खुर्ची

साल अडुसष्ट. गावात नुकती वीज आली होती, आणि त्याच साली गिरणीवाल्याची बायको नाहीशी झाली.

"रुसून माहेरी गेलीय," गिरणीचा पट्टा चढवता चढवता गिरणीवाला म्हणाला. "येईल चार दिवसांनी. तुम्ही कशाला वहाणा झिजवता, हवालदार?"

"माहेरच आलंय विचारायला." हवालदारांनी दाराकडे बोट केलं. तिथे बायकोची म्हातारी आई उभी होती.

गिरणीवाल्याचा हात पट्ट्यावरून निसटला.

हवालदार गिरणीमागच्या घरात गेले. चूल थंड होती. कोनाड्यात, तेलाच्या बाटलीमागे चष्मा होता. त्याची एक काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली.

"अहो, हा घातल्याशिवाय ती न्हाणीपर्यंतसुद्धा जात नाही!" म्हातारी म्हणाली.

हवालदारांनी चष्मा हातात घेतला. पंधरवड्यापूर्वी हाच मोडका चष्मा सावरत ती चौकीत आली होती. बसायला खुर्ची नव्हती. दाराची चौकट धरून म्हणाली, "दादा, हा मला मारून टाकील." हवालदार जेवायला निघाले होते.

"भांड्याला भांडं लागायचंच, ताई. घरी जा. मी समजावतो त्याला."

समजावलंही त्यांनी, गिरणीच्या ओट्यावर चहा पिता पिता. ती चौकीत आली होती हे नवऱ्याला त्यांच्याच तोंडून कळलं. वहीत मात्र एक ओळ लिहिली नाही.

दुपारी परसातल्या पडक्या आडात ती सापडली.

तालुक्याहून आलेल्या फौजदारांनी वही चाळली. "आधीची तक्रार नाही ना? बरं झालं."

"आली होती, साहेब. मीच परत पाठवली."

"नोकरीची तीन वर्षं राहिलीत तुमची. कशाला पायावर धोंडा पाडून घेता?"

"तिचं तेव्हा लिहिलं नाही. आता माझं तरी लिहा."

गिरणीवाल्याला जन्मठेप झाली. तो तुरुंगातच मेला. गावातल्या बायका कितीतरी वर्षं दळण शेजारच्या गावी नेत राहिल्या. म्हातारीने कोर्टातून चष्मा मागून आणला. पुढे ती तोच लावायची. नंबर जुळत नाही असं कुणी म्हटलं, तर म्हणायची, "दिसायला कुठं लावते मी?"

हवालदारांच्या बाहीवरच्या फिती गेल्या. शिपाई म्हणूनच ते निवृत्त झाले. घरातली एकुलती एक खुर्ची त्यांनी ती आडात सापडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी चौकीत नेऊन ठेवली होती. कोंबडी हरवल्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईलाही ते आधी "बसा, ताई" म्हणत आणि मग वही उघडत.

निवृत्तीच्या दिवशी खुर्ची तिथेच राहिली. घरी त्यांनी दुसरी आणली नाही. अखेरपर्यंत ते उंबऱ्यावर बसत, दाराची चौकट धरून.