गुमरानने विचारलं नाही

मी कोबी वाहणारा निळा ट्रक बोलतोय. तोंड वर करून बोलावं असं माझ्याकडे फारसं काही नाही, तरी ऐका.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! गांगनुंगच्या डोंगरांतली कोबीची शेतं आणि खालची बाजारपेठ, यांच्यामधल्या घाटवाटेवर पांग दोकसू मला वर्षानुवर्षं पळवत होता. त्याचे गुडघे गेले, तेव्हा त्याने मला गुमरानला विकलं आणि चालवायला शिकवायचं कबूल केलं. गुमरान चव्वेचाळीस वर्षांची. शाळेच्या स्वयंपाकघरात रांधायची. गावात मुलंच उरली नाहीत, शाळा बंद पडली.

तिला सगळंच विचारायचं असे. मागे घेताना कुठल्या आरशात बघायचं? ब्रेकची हवा पुरेशी आहे हे कसं कळतं? घाटात कडेला ती खडीची चढणारी वाट कशासाठी?

खानावळीत सूप भुरकणारे ड्रायव्हर खो खो हसत.

"ती वाट होय?" पांग म्हणाला, "ज्याला गाडी येत नाही ना, तो तिथे जाऊन तोंड लपवतो. ताई, एवढंही ठाऊक नाही, तर भाताचं पातेलंच बरं होतं की!"

सगळ्यात मोठ्याने हसला तो मा चोल्गू नावाचा ड्रायव्हर. गुमरानचे कान लाल झाले. तेव्हापासून तिने विचारणंच सोडलं. माझ्या केबिनमध्ये ती एकटी पुटपुटायची, "दुसऱ्या गिअरमध्ये की चौथ्या?" मला उत्तर देता आलं असतं तर!

मग भरल्या मालाने घाट उतरायचा तिचा पहिला दिवस आला. पाठीवर कोबीचा डोंगर. पांग मागून चोल्गूच्या ट्रकमध्ये बसून येणार होता. निघण्यापूर्वी ती त्यांच्यापाशी गेली, तोंड उघडलं, चोल्गूच्या ओठांवरचं हसू पाहिलं आणि म्हणाली, "काही नाही, निघते."

वरच्याच गिअरमध्ये ती उतरू लागली, पाय सारखा ब्रेकवर. माझी चाकं तापली. जळका वास सुटला. एका वळणावर तिने पाय दाबला आणि मी थांबलो नाही. ज्या एका कामासाठी माणूस माझ्यावर जीव सोपवतो, तेच मला जमेना.

पुढे गावची बस होती. डावीकडे ती खडीची वाट, ब्रेक गेलेली गाडी रुतवून थांबवण्यासाठीच केलेली. गुमरानचे हात क्षणभर अडखळले. मरणाच्या दारात तिला लाजच आडवी आली! मग बसच्या मागच्या काचेतून एक म्हातारी हात हलवताना दिसली. गुमरानने मला खडीत घातलं.

खडी पोटाला घासली, चाकं रुतली, मी थांबलो. कोबी रस्ताभर गडगडले.

पांग लंगडत आला. गुमरान कमरेत वाकून माफी मागत होती.

"कुठल्या गिअरमध्ये उतरलीस?"

"चौथ्या."

"मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही हसला असतात, दादा."

पांग मटकन खडीत बसला. मान वर करवेना त्याला. तसाच म्हणाला, "खालच्या गिअरमध्ये उतरायचं. चढताना लागतो त्याहून एक खालीच. गाडीला इंजिनाने धरू द्यायचं, ब्रेक मधूनमधून. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं."

चोल्गू कोबी उचलत होता. तो थांबला. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "दादा... परत एकदा सांगा ना. मी तर ब्रेकवरच उतरतो."

कोणी हसलं नाही.

आज मी खानावळीच्या आवारात उभा आहे, पोटावर ओरखडे घेऊन. ब्रेक नवे बसवलेत, उद्या गुमरान मला पुन्हा घाटात नेईल. ब्रेक गेले याची लाज मी गिळली. पण इतकी वर्षं चोल्गूसारखी माणसं न विचारता, देवाच्या भरवशावर घाट उतरत होती आणि मी त्यालाच कसब समजून मिरवत होतो, ती लाज काही जात नाही. बाबांनो, माझ्या केबिनमध्ये चढण्याआधी विचारा. हसतील, हसू द्या.