लाल रेघ

बंदरावरच्या बोटींची नावं रंगवायची ती एकटीच, म्हणून सगळे तिला पाटीवाली म्हणत. लिलावघराची लांबलचक भिंत तिने मासळी विकणाऱ्या बायकांना हाताशी धरून महिनाभरात रंगवून काढली, तेव्हा आधी सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. भिंतीवर सुरमई, बांगडे, पापलेट होते, अगदी खऱ्या मापाचे, आणि प्रत्येकाच्या अंगावर एक लाल रेघ. नाक चित्रातल्या माशाच्या नाकाला लावल्यावर शेपटी त्या रेघेपर्यंत न पोचणारा मासा म्हणजे एकदाही अंडी न घातलेला. तो पकडला तर पुढची मासळी यायची कुठून, एवढंच तिला सांगायचं होतं.

मग गिऱ्हाईकं टोपलीतला मासा उचलून भिंतीला लावून बघायला लागली. रेघेला न पोचणारा मासा गुपचूप परत ठेवून पुढे जायला लागली. बोटमालकांचं डोकं फिरलं. एका सकाळी त्यांनी ठरवलं, दुपारच्या लिलावाआधी भिंत पांढरी झाली पाहिजे. आणि चुना लावायला पाठवलं कुणाला, तर पाटीवालीच्या सख्ख्या थोरल्या भावाला. त्याच्याही दोन बोटी होत्या.

दादा बादली घेऊन आला तेव्हा ती शिडीवर होती. त्याच्या मागे पाच-सहा मालक हाताची घडी घालून उभे राहिले. बायकांनी मासे कापायच्या सुऱ्या खाली ठेवल्या.

"खाली उतर," दादा म्हणाला.

"एवढा माशाचा कल्ला परत रंगवून होऊ दे."

"उतर म्हणतोय ना."

त्याने शिडी धरली. आई गेल्यावर याच हातांनी त्याने तिच्या वेण्या घातल्या होत्या. आता हेच हात शिडी हलवतात की काय, असं तिला वाटलं. ती उतरली, पण भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"यात खोटं काय आहे ते सांग, दादा. मीच पुसते."

"मला मासे शिकवू नकोस." मग त्याचा आवाज खाली आला. "ते टोकाला बघ. निळी बोट, पिवळा पट्टा, मागे बारीक भोकांचं जाळं. अख्ख्या बंदरात तुला माझीच बोट दिसली?"

सवयीने हात गेला, असं तिला म्हणता आलं असतं. ती बोट ती चौदा वर्षं रंगवत होती. पण तो पिवळा पट्टा ओढताना तिचा ब्रश क्षणभर थांबला होता, आणि तरीही तिने तो ओढला होता.

"मुद्दाम काढली," ती म्हणाली. "तुला तोंडावर सांगायची छाती झाली नाही, म्हणून भिंतीवर सांगितलं. ते चुकलं माझं."

"गप्पा पुरे झाल्या," मागून एक मालक म्हणाला. "हात चालव."

तेवढ्यात वहिनी उठली. दादाच्या बोटींची मासळी तीच विकायची. तिने आपल्या टोपलीतली सुरमई उचलली आणि भिंतीला लावली. रेघेला चार बोटं कमी.

"ही आपली आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "आजची."

दादाचे कान लाल झाले. पाटीवालीने त्याच्या हातातून ब्रश घेतला, टोकापर्यंत चालत गेली आणि निळ्या बोटीवर चुन्याचे दोन हात मारले. ब्रश परत आणून दिला.

"बाकीचं तू पूस. मी आडवी येणार नाही."

ब्रशवरून चुना त्याच्या पायावर ठिबकत होता. मग त्याने बादली उचलून मालकांच्या पुढ्यात ठेवली.

"माझं होतं ते पुसून झालं. उरलेलं ज्याला टोचतंय त्याने पुसावं."

बादलीला कुणी हात लावला नाही. वहिनी आणि इतर बायका अजून उभ्याच होत्या. लिलावाची घंटा झाली तसे मालक एकेक करून पांगले.

दादाने मात्र अबोला धरला. रस्त्यात समोर आला तर मान वळवायचा. दोन महिन्यांनी वहिनी तिच्या घरी आली आणि बसता बसता म्हणाली, "एका बोटीवर मोठ्या भोकांचं जाळं चढवलंय ह्यांनी."

"आणि दुसरीवर?"

"तिच्यावर जुनंच. हंगामभर बघतो म्हणाले."

पाटीवालीने मान हलवली आणि चहाचं आधण ठेवलं.