दर्यावर्दी चाल

"टाचेला अंगठा टेकवत चाला. दोरीवरून चालल्यासारखं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सिगरुन दोन पावलं गेली आणि भिंतीवर आदळली. मग नेहमीसारखी पाय फाकवून, डुलत परत आली. बाकावर बसलेल्या अर्नुल्फला हसू आलं. त्याची ही लेक बालवाडीत शिकवायची, होडीत पाय ठेवला की उलट्या करायची, आणि चाल मात्र अस्सल दर्यावर्द्याची!

नॉर्वेतल्या त्यांच्या बेटावर पुरुष पाय फाकवूनच चालत. उभा जन्म हलत्या डेकवर काढल्यावर दुसरं काय होणार? त्यात अर्नुल्फची चाल सगळ्यांत झोकदार. बापलेक दिसले की धक्क्यावरचा म्हातारा उड्वार ओरडायचा, "आली बघा बापाची चाल!" अर्नुल्फ छाती फुगवून म्हणायचा, "मग! पोरगी कुणाची आहे!"

"आता तुम्ही चालून दाखवा," बाई त्याला म्हणाल्या.

"मला काय धाड भरलीय? आम्ही मासेमारीवाले असेच चालतो."

"तरीपण."

तोही भिंतीला लागला.

"तुमचे वडील?"

"तेही असेच. धक्क्यावरून पडून बुडाले. लोक म्हणाले, ढोसली असेल. आईसुद्धा तेच म्हणाली. पण ते फारसे प्यायचे नाहीत हो."

बाई खुर्ची ओढून समोर बसल्या. दोघांच्याही मेंदूतला तोल सांभाळणारा भाग झिजतोय, म्हणाल्या. रक्त तपासू, पण आजार बहुधा घराण्यातलाच. पुढच्या पिढीला कधीकधी तो लवकर गाठतो. औषध नाही. व्यायाम करायचा, पडायचं नाही.

परतीच्या बोटीत सिगरुन कठडा धरून उभी होती. अर्नुल्फ पार थकून गेला होता. ज्याचं इतकी वर्षं कौतुक केलं, ते आपणच लेकीला दिलेलं दुखणं निघालं. वडिलांनाही लोकांनी उगाच दारुडे ठरवलं, आणि आपण ते ऐकून घेतलं. कुणाकुणाची माफी मागायची, त्याला कळेना.

बोट लागली. दोघं डुलत फळीवरून उतरली. बाकावरून उड्वार ओरडलाच, "आली बघा बापाची चाल!"

अर्नुल्फचे डोळे भरून आले.

सिगरुननं त्याच्या हातात हात अडकवला. "मग!" ती मोठ्यानं म्हणाली, "पोरगी कुणाची आहे!"

उड्वार खूश होऊन हसला. थोडं पुढं गेल्यावर ती हळूच म्हणाली, "बाबा, पाण्याच्या कडेनं नको. भिंतीकडनं जाऊ."