मायचा डावा डोळा

मायच्या गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या, मांडवात शिरले आणि समोरच्या फ्लेक्सवर भलतीच बाई दिसली. नाव माझ्या मायचं, ताईबाई. लुगडंही तिचंच. पण डोळे दोन्ही काळेभोर.

मायच्या डाव्या डोळ्यात फूल होतं. पांढरं, टिकलीएवढं. मी जन्मले तेव्हापासून ते माझ्याकडे बघत होतं.

"रुपचंद, हा डोळा कुठून आणला?"

"धुळ्याच्या पोऱ्याने कॉम्प्युटरवर करून दिला, अक्का," माझा भाऊ खुर्च्या पुसत म्हणाला. "दादासाहेब येऊन ऱ्हायले. चारचौघांत बरं दिसतं."

जिवंतपणी तिला धुळ्याच्या दवाखान्यात न्यायला याला सवड नव्हती. फ्लेक्ससाठी मात्र दोन खेपा झाल्या.

दादासाहेब आले. टोप्या उठल्या, पुन्हा बसल्या. आमच्याकडे पुढारी माईकवर बोलला नाही, तर मेलेल्या माणसालाच कमीपणा येतो.

"ताईबाईंनी काय काय पाहिलं," ते म्हणाले. "इंग्रज जाताना पाहिले. बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी, रंगीत टीव्ही, नोटबंदी, कोरोना, सगळं पाहिलं. आणि त्या दुष्काळात आमच्या वडिलांनी, आबासाहेबांनी, गावाला नरडाण्याचा रस्ता दिला, तोही त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला."



इंग्रज गेले हे मायला लग्नानंतर कळलं. तोवर ती शेळ्यांमागे होती. आणीबाणीत बापाला नसबंदीच्या गाडीत कोंबलं, तेव्हा अंगावर पिणाऱ्या रुपचंदला घेऊन ती गाडीमागे पळाली. रंगीत टीव्ही तिने सरपंचाच्या ओट्यावरून पाहिला, एका डोळ्याने.

आणि रस्ता दिला म्हणे. रस्ता बायांनी खडी फोडून केला. माय त्यांत होती, मी तिच्या पोटात. दगडाची कपची उडाली ती सरळ डोळ्यात. मुकादम म्हणाला, घरी जा. दुसऱ्या दिवशी पदराने डोळा बांधून ती पुन्हा हातोडी घेऊन बसली, कारण खायला सुकडी कामावर येणाऱ्यालाच मिळायची. रस्त्याच्या तोंडाशी आज आबासाहेबांच्या नावाची कमान आहे. मायचा डोळा डांबराखाली कुठेतरी आहे. आणि आता फोटोतूनही पुसला, म्हणजे कुणी विचारायलाच नको.

मी मांडवाबाहेर गेले. रस्त्याच्या कडेची एक धारदार खडी उचलली, परत आले आणि फ्लेक्सवरचा डावा डोळा घासायला लागले.

"अक्का, काय करून ऱ्हायली? लोक पाहून ऱ्हायले."

"पाहू दे. पाहण्याची महती आत्ताच ऐकली ना."

दादासाहेब गोड आवाजात म्हणाले, "ताई, दुःखात माणसाला भान राहत नाही. बसा."

"बसते. डोळा तुमच्या रस्त्यात गेला, एवढं माईकवर सांगा. मग बसते."

त्यांनी माईककडे पाहिलं आणि त्याचं बटण दाबून तो बंद केला.

मी घासत राहिले. नुसता खडीचा आवाज. शाई निघाली, खालचं पांढरं उघडं पडलं, टिकलीएवढं. मी थांबले.

बायांमधून भिकुबाई उठली. मायच्या शेजारी बसून खडी फोडणाऱ्यांतली ती एकटीच उरलीय. गुडघे धरत फ्लेक्सपाशी आली, दादासाहेबांकडे पाठ करून उभी राहिली आणि त्या पांढऱ्यावरून बोट फिरवलं.

"हां," ती म्हणाली. "आते ताईबाई दिसस."