दिवेलागणीनंतरचं पाणी

कांताबाईंनी पाण्याचा ट्रे पुढे केला आणि मी तो हाताने जरा मागे सारला. "नको," म्हणाले. रोज संध्याकाळी घरी म्हणते तसंच. पेले हलले.

माझ्या नातीने, सृष्टीने, लग्नासाठी जे घर निवडलं ते बघायला आम्ही विश्रांतवाडीला आलो होतो. ती आणि कांताबाईंचा मुलगा धम्मदीप हिंजवडीला एकाच कंपनीत कॉम्प्युटरवर बसतात. आम्ही मराठे, ते बौद्ध. माझा मुलगा रामदास, सृष्टीचा बाप, महिनाभर तोंड फिरवून होता. शेवटी मीच म्हणाले, तू नको येऊस, मी रिक्षाने जाते. तेव्हा निघाला, तेही गाडी दोन-दोनदा पुसून. दुपारी पोचायचं, ते कात्रजहून इथे येईपर्यंत दिवे लागले.

आणि दिवे लागल्यावर मी पाणी पीत नाही.

कारण घरात फक्त सृष्टीला ठाऊक. मी तिच्याच खोलीत झोपते. रात्रभर माझ्या मोरीकडे खेपा चालायच्या. एकदा उठायलाच उशीर झाला. पोरीने गुपचूप चादर धुतली आणि दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण तिच्याएवढीच. म्हणाली, आजी, आधी सवय बदलून बघू. दुपारी पाय उशीवर ठेवून पडायचं. पाणी काय ते दिवसा, संध्याकाळी बंद. कळ आली की धावायचं नाही, जागीच बसून खालून आवळून धरायचं, ओसरली की सावकाश उठायचं. या वयात ही मला मुतायला शिकवणार, असं मी तिच्या तोंडावर म्हणाले. पण केलं सगळं. हळूहळू रात्र सलग जायला लागली. सृष्टीला मात्र शपथ घातली होती, बापालासुद्धा सांगायचं नाही.

"पित्त झालंय हो," मी कांताबाईंना म्हणाले.

त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. "आमच्याकडे आलं की लोकांना पित्त होतंच, आजी. नाहीतर उपास असतो." आवाज जराही चढला नव्हता. "माझ्या आईच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. आता निदान ट्रेला हात तरी लावतात."

धम्मदीपचे वडील भिंतीकडे बघत राहिले. धम्मदीप सृष्टीकडे बघत होता आणि सृष्टी माझ्याकडे. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. ओठ दातांत धरून बसली होती पोर. रामदासचा चेहरा तेवढा सैलावला होता. आपण वाईट न होता काम झालं, अशा थाटात त्याने खिशातली किल्ली काढली.

नेमकी तेव्हाच मला कळ आली. जागीच बसले, आवळून धरलं. पेला उचलून पिऊन टाकावा, असं मनात येऊन गेलं. पण आता प्यायले असते तर ते उपकाराचं पाणी झालं असतं. कांताबाई तसं पाणी पाजणारी बाई नव्हती, आणि मीही पिणारी नव्हे.

कळ ओसरली तशी बोलले.

"कांताबाई, पित्त खोटं आहे. मला रात्री लघवी आवरत नाही. मागे अंथरूण ओलं केलं होतं मी. दिवेलागणीनंतर प्यायचं नाही असं डॉक्टरणीने सांगितलंय. दुपारी आलो असतो तर तुमच्याकडचं तांब्याभर प्यायले असते. उशीर माझ्या मुलाने केला."

पुरुषांपुढे असं काही बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. रामदासने मान खाली घातली.

कांताबाई माझ्याकडे बघत राहिल्या. खरं की आणखी एक निमित्त, हे तोलत असाव्यात. तोलणारच. मग ट्रे उचलून आत गेल्या. आत भांडी वाजली, थांबली. बाहेर आल्या तेव्हा पदराला हात पुसत होत्या.

"पुढच्या रविवारी या," त्या म्हणाल्या. "सकाळी या. जेवायलाच."

"येते," मी म्हणाले. "याला न घेता आले तर वेळेवरही येईन."

धम्मदीपला हसू आलं. कांताबाईंना आलं नाही. पण त्या दारापर्यंत आल्या आणि सृष्टीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

जिन्यात उजेड नव्हता. रामदास पुढे निघाला, एक पायरी उतरून थांबला, आणि म्हातारीचा धरावा तसा त्याने माझा दंड धरला. खाली पोचेपर्यंत मी तो सोडवून घेतला नाही.